हैबतरावाच्या गाठी

"आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही," काशिनाथराव पिसाळ म्हणाले, "आणि न बसलेलाच बरा. विश्वास ठेवणारा माणूस मध्ये तोंड घालत नाही, आणि कुणी मध्ये तोंड घातलं नाही की गोष्टीला बुरशी धरते. या देशात तर भिंतींनासुद्धा धरते."

शेवटचं वाक्य सुनेसाठी होतं. नीताने कालच बाथरूमची भिंत घासून काढली होती. एरवी तिने काहीतरी उलट ऐकवलं असतं. आज ती नुसतं ताट वाढत राहिली.

चारुदत्त मात्र हसला. हा काशिनाथरावांच्या मुलाचा, रणजितचा, कॉलेजातला दोस्त. दोघं एकाच विमानाने ऑकलंडला शिकायला आले. रणजित कम्प्युटरमध्ये शिरला आणि चारुदत्त ईस्ट टामाकीतल्या एका गोदामात फोर्कलिफ्टवर चढला, तो आता त्याच गोदामात शिफ्ट मॅनेजर होऊन बसला होता. दर शनिवारी दुपारी हिल्सबरोला या घरी जेवायला यायचा आणि जेवणाची किंमत म्हणून काशिनाथरावांच्या थापा ऐकायचा.

"बोला काका. तोंड घालायला मी आहे ना."

"तुझं तोंड कालवणात घाल. मला दुसरं हवंय."

दुसरं तोंड खिडकीपाशी होतं. तिथून दोन छपरांच्या मधून मनुकाऊ बंदराची एक करडी पट्टी दिसते. त्या पट्टीकडे पाठ करून मंदा बसली होती, काशिनाथरावांची बायको. मांडीवर भांडी पुसायचा टॉवेल. त्याचं टोक ती वळायची, बोटाभोवती फिरवायची, खालून आत घ्यायची आणि गच्च ओढायची. एक गाठ झाली की दुसरी. दिवाळीपासून तिचं बोलणं आटत गेलं आणि ईस्टर उलटल्यावर तर तोंडातून अक्षर नाही. भूक लागली म्हणून नाही, दुखलं म्हणून नाही. मुलाला ओळखत नव्हती, नातीला ओळखत नव्हती. नवऱ्याला ओळखते का, हे नवऱ्याने अजून विचारून पाहिलं नव्हतं. काही प्रश्न न विचारलेले बरे असतात, त्यातला तो एक.

गाठी मात्र चालू. पडद्याच्या दोऱ्या, नात सिद्धीच्या पोहण्याच्या टॉग्जच्या नाड्या, रणजितच्या चार्जरची वायर, कचऱ्याच्या पिशव्या. मागे एकदा दुपारी ती सुनेचे जँडल्स, म्हणजे रबरी सपाता, पायात अडकवून एकटीच बाहेर पडली. उतारावरच्या डेअरीवाल्याने, म्हणजे इथल्या किराणावाल्याने, तिला दुधाच्या क्रेटवर बसवलं, नाव विचारलं. तिने गाठ मारलेला रुमाल त्याच्यापुढे धरला. त्याला वाटलं म्हातारी पैसे देतेय. बिचारा बराच वेळ खटपट करत होता, पण गाठ काही त्याला सुटली नाही. शेवटी पोलीस आले, नीता कामावरून धावत आली, आणि त्या रात्रीपासून घरात इथल्या वृद्धाश्रमाचा शब्द दबक्या आवाजात फिरू लागला. होम.

मंगळवारी तो शब्द जेवणाच्या टेबलावर आला.

"बाबा," रणजित म्हणाला होता, "होममध्ये खोली रिकामी आहे. सोमवारी कळवायचंय."

"मग कळव, नको म्हणून."

"नीताने नोकरी अर्ध्यावर आणलीय. मी मीटिंगमधून उठून कॅमेऱ्यात बघतो, आई आहे ना जागेवर. असं किती दिवस चालणार?"

"मी आहे की घरात."

"तुम्ही होतात त्या दिवशीही. झोपला होतात."

हे खरं होतं. खऱ्याला उत्तर द्यायची काशिनाथरावांना सवय नव्हती.

"तपासायला आलेली नर्स काय म्हणाली ऐकलंत ना," रणजितचा आवाज खाली आला. "आईला आता घर कुठलं आणि होम कुठलं, फरक कळत नाही. कळत असता तर मी हा विषयसुद्धा काढला नसता."

"कळतो. बोलते ती माझ्याशी."

"कधी?"

"तुम्ही कामावर गेलात की."

"काय बोलते?"

उभ्या आयुष्यात पहिल्यांदा काशिनाथरावांना थाप वेळेवर सुचली नाही. "आमटीत मीठ कमी आहे म्हणते."

"आमटी मी करते बाबा," नीता म्हणाली. "मग मला का नाही सांगत त्या?"

"सुनेला कशी सांगेल. भिडस्त आहे ती."

"आई भिडस्त?" रणजितला हसू आलं आणि लगेच रडूही आलं असावं, कारण तो उठून नळाखाली रिकामा पेला धुवायला लागला. पाठमोराच म्हणाला, "आमच्यासमोर एकदा बोलू दे तिला. एक वाक्य. नुसतं हुं नाही, समजून बोललेलं. मी होमला नाही म्हणून कळवतो. काय व्हायचं ते होऊ दे, ती इथेच राहील. पण नाही बोलली, तर सोमवारी तुम्ही आडवं यायचं नाही."

"शनिवारी," काशिनाथराव म्हणाले. "चारू जेवायला आला की."

तो आजचा शनिवार.

चारुदत्तच कशाला हवा, तर गोष्टीला श्रोता लागतो. आणि गोष्ट कुठली, हा तर प्रश्नच नव्हता. भोसरीच्या कारखान्यात फोरमन असल्यापासून काशिनाथरावांची एकच गोष्ट गाजत आली होती. शिपायाचा सावकार झालेल्या हैबतरावाची. कॉलनीतली माणसं ती पुन्हा पुन्हा ऐकायला यायची, आणि खरं सांगायचं तर काशिनाथरावांसाठी यायची नाहीत. यायची ती आतल्या खोलीतून येणाऱ्या आवाजासाठी. काशिनाथरावांनी 'उंट' म्हटलं की आतून फोडणीच्या चरचरीसकट 'खेचर' यायचं. त्यांनी 'बर्फ' म्हटलं की 'चिखल' यायचा. मंदाने दुरुस्ती पाठवली नाही असा त्या गोष्टीचा एकही प्रयोग झाला नव्हता. नवऱ्याच्या पणजोबाची गोष्ट बायकोलाच जास्त पाठ, म्हणून लोक हसायचे आणि काशिनाथराव सगळ्यात जोरात हसायचे.

तेव्हा बेत साधा होता. गोष्टीत थापा पेरायच्या. मंदा ज्यांच्यावर हमखास तुटून पडायची, त्याच नेमक्या. आठवडाभर ते अंगणात पडलेली फिजोआची फळं वेचत, ओठ हलवत तालीम करत होते. शेजारच्या बाईंना वाटलं, आता यांचाही नंबर लागला.

"तर हैबतराव पिसाळ," त्यांनी आवाज चढवला. "माझे पणजोबा. साताऱ्याकडचा गडी, इंग्रजाच्या पलटणीत हवालदार."

"मागच्या खेपेला नाईक होते," चारुदत्त म्हणाला.

"मधे बढती झाली. ऐक. पलटण गेली कंदाहारला. थंडी अशी, की हुक्क्यातून निघालेला धूर काठीसारखा ताठ उभा राहायचा. हैबतराव त्यावर ओली पैरण वाळत घालायचे."

"वाळायची?"

"धूर गरम असतो ना शहाण्या."

सिद्धी खुदकन हसली. तेरा वर्षांची नात, मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीतून यायचं. हैबतराव तिच्याही ओळखीचे होते. शाळेत प्रत्येकाने उभं राहून आपला डोंगर, आपली नदी, आपले पूर्वज सांगायचे असतात, तेव्हा तिने अजिंक्यतारा, कृष्णा आणि हैबतराव पिसाळ सांगितले होते. घरी व्हिडिओ आला होता. रणजितने तो ऑफिसात चार जणांना दाखवला होता.

काशिनाथरावांनी तिरक्या नजरेने खिडकीकडे पाहिलं. टॉवेलाचं टोक बोटाभोवती फिरत होतं.

"गोळीने मेले त्याच्या दुप्पट तापाने मेले. तंबूत ओळीने पडलेली पोरं, सगळी आपल्याकडची. कुणी वाईचा, कुणी कोरेगावचा. महिन्याचा पगार उशाशी, आणि घरी न्यायला पाय नाहीत. मग एकेक जण हैबतरावांना हाक मारायचा. हैबत, एवढं माझ्या आईला पोचव. हैबत, हे बायकोला दे, दुसरं लग्न कर म्हणावं. हैबतरावांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी काय केलं? कमरेला लांब कापड गुंडाळलं आणि एकेकाचा पैसा त्यात एकेका गाठीत बांधला. प्रत्येक गाठ वेगळी. बोटांनी चाचपली की अंधारातसुद्धा कळावं, हा सखाराम, हा भिवा. आणि गाठ अशी मारायची, की ज्याने मारली त्यालाच सुटावी."

आता पहिला गळ.

"मग पलटण परत निघाली. आणि हैबतराव," त्यांनी सावकाश, प्रत्येक अक्षर खिडकीकडे ढकलत म्हटलं, "हैबतराव बसले उंटावर."

चारुदत्तलाही ठाऊक होतं, इथे काय यायला हवं ते. त्याने घास हातातच धरला. रणजित आईकडे बघत होता.

टॉवेल वळला, आत गेला, ओढला गेला.

"उंच उंट," काशिनाथराव म्हणाले. "सोन्याची झूल."

काही नाही.

"काका," चारुदत्त हळूच म्हणाला, "खेचर होतं ना?"

"तू गप. तुला कुणी विचारलंय?"

हे जरा जास्तच तोडून बोललं गेलं. चारुदत्तने घास खाल्ला. काशिनाथरावांनी पाण्याचा घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

दुसरा गळ त्यांना स्वतःलाच आवडत नव्हता. कॉलनीत एकदा थट्टेत ही थाप त्यांनी मारली होती, तर मंदा पीठ लागलेल्या हातांनी बाहेर येऊन उभी राहिली होती. चार लोकांत म्हणाली होती, हसायची गोष्ट आणि नासवायची गोष्ट यांत फरक असतो. दोन दिवस बोलली नव्हती. आता ती कित्येक महिने बोलली नव्हती, तेव्हा तो राग परवडला असता.

"वाटेत धान्य संपलं," ते म्हणाले. "पोटात आग. कमरेला मेलेल्यांचा पैसा. माणूस आहे, किती दम धरणार? हैबतरावांनी एक गाठ सोडली. भिवाची. आणि त्या पैशाने पोटभर जेवले."

"बाबा," रणजित म्हणाला. लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टीत हे नव्हतं. "असं कुठे होतं? त्यांनी एकही गाठ सोडली नाही, म्हणून तर—"

काशिनाथरावांनी हात वर करून त्याला थांबवलं. नजर मंदावर. खोडून काढ, त्यांनी मनात म्हटलं. पीठ नसू दे हाताला. ये उठून. शिव्या दे.

मंदाने पूर्ण झालेली गाठ अंगठ्याने दाबून पाहिली आणि टॉवेलाचं दुसरं टोक हातात घेतलं.

नीता उठली. अजून कुणाचं जेवण झालं नव्हतं, तरी तिने भाताचं भांडं उचललं आणि आत नेलं. आतून भांड्याचा आवाज आला नाही, नळाचा आला नाही. ती तिथे नुसतीच उभी असावी. मंगळवारी होमचं बोलणं तिच्याच त्रासावरून निघालं होतं, पण गेले तीन महिने मंदाची वेणी तीच घालत होती. सासूची वेणी घालणारी सून आजच्या काळात थाप वाटते, पण ही थाप नव्हती.

"राहू द्या बाबा," रणजित म्हणाला. "जेवून घ्या."

"गोष्ट अर्धी टाकत नाहीत."

"मला कळतंय तुम्ही काय करताय."

"मग गप बस आणि करू दे."

पण करायला आता फारसं उरलं नव्हतं. तिसरा गळ हैबतरावांच्या बायकोचा होता. ती उंबऱ्यात रडत बसली, असं म्हणायचं, की मंदा म्हणणार, रडत नव्हती, पेढी कुणी चालवली मग? काशिनाथरावांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की थाप मारायची ताकदच निघून गेलीय. आडात दोर सोडावा आणि पाणी लागूच नये, तसं झालं. तेव्हा त्यांनी राहिलेली गोष्ट जशी होती तशी सांगून टाकली, आवाज न चढवता, कुणाकडे न बघता.

"गाठी सोडल्या नव्हत्या त्यांनी. चारू म्हणतो तसं खेचरच होतं, तेही वाटेत मेलं. गावी आले तेव्हा कमरेला कापडाने जखमा झालेल्या. घरी नाही थांबले. एकेका गावाला गेले, दारात बसले, त्या घरच्या माणसांसमोर गाठ सोडली आणि पैसा ओट्यावर ठेवला. एकच राहिली. भिवाची. त्याच्या घरी पटकीने कुणी उरलंच नव्हतं. शेजारी म्हणाले, ठेव तुलाच. हैबतराव ती तशीच घेऊन परत आले. तर बायको म्हणाली, ही सोडायची नाही. कुणीतरी येईल. तिने ते कापड देव्हाऱ्याशेजारी ठेवलं. ही गोष्ट पंचक्रोशीत पसरली. जो माणूस मेलेल्याची गाठ सोडत नाही, त्याच्याकडे जित्याचा पैसा ठेवायला काय हरकत आहे? लोक यायला लागले. कुणी पेन्शन आणली, कुणी गूळ विकल्याचे पैसे. हैबतराव बाहेर बसायचे, हिशेब आत बायको ठेवायची, तोंडी. अशी झाली पेढी. घर उभं राहिलं, पोरं शिकली. पण भिवाचं कुणी आलं नाही. म्हणून त्या घरात रीत पडली, की घरातल्या प्रत्येक बाईने ती गाठ मारायला शिकायचं. दुसऱ्याचं काही आपल्यापाशी आहे, हे विसरू नये म्हणून."

ते थांबले. एवढं सरळ त्यांनी ही गोष्ट कधीच सांगितली नव्हती, आणि एवढं सरळ सांगितल्यावर ती फार लहान वाटली.

चारुदत्त मान खाली घालून बसला होता. रणजितने खिशातून फोन काढला, टेबलावर उलटा ठेवला. काशिनाथरावांना त्या फोनात सोमवार दिसला. कोरी चादर, भिंतीला धरायचा दांडा, आणि पाटीवर चुकीच्या स्पेलिंगात मंदाचं नाव. तिथे जायला बस कुठून पकडायची, हे त्यांनी चोरून पाहून ठेवलं होतं. बस बदलावी लागत होती.

सिद्धी मात्र उठून खिडकीपाशी गेली होती. आजीच्या पायाशी बसून तिने टॉवेलाचं टोक उचललं. नखाने गाठ उकलून पाहिली, दाताने पाहिली.

"आजोबा, इज इट धिस वन? भिवाची गाठ?"

"तीच."

"कॅन यू डू इट?"

"मला नाही येत. ती बायकांची विद्या."

"देन हू टॉट आजी?"

साधा प्रश्न होता. उत्तर काशिनाथरावांनी इतक्या वेळा दिलं होतं की त्यासाठी डोकं लागत नव्हतं. हात धुवायला उठता उठताच ते म्हणाले, "माझ्या आईने. लग्न होऊन ही घरात आली, तेव्हा शिकवली. पिसाळांच्या घरातली रीत ती. सासूने सुनेला द्यायची."

"खोटं."

आवाज बारीक होता, वापरात नसलेल्या दाराच्या बिजागरीसारखा. नीता भाताचं भांडं घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली. रणजितचा हात फोनवर गेला होता, तो तसाच राहिला.

काशिनाथराव उभ्या उभ्या मागचं वाक्य मनात चाळू लागले. उंट तर कधीच मरून गेला होता. सोनं, धूर, पोटभर जेवण, सगळं मागे पडलं होतं. या वाक्यात तर थाप नव्हतीच, निदान त्यांच्या समजुतीप्रमाणे. लग्नाच्या वर्षापासून ते हेच सांगत आले होते, आणि लग्नाच्या वर्षापासून मंदाने यातलं एकही अक्षर कधी दुरुस्त केलं नव्हतं.

"काय खोटं, मंदे?" त्यांनी विचारलं.

मंदाने सिद्धीच्या हातातून टॉवेल काढून घेतला. एका बोटाने गाठीत कुठेतरी दाबलं, आणि डेअरीवाल्याला, सिद्धीच्या नखांना, दातांना न सुटलेली ती गाठ अलगद उलगडून मांडीवर पडली. मग तिने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं, पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली होती तेव्हा पाहिलं होतं तसंच.

"तुमच्या आईला स्वतःच्या परकराची नाडी सुटायची नाही, ती गाठ काय शिकवतेय. माझ्या बापाने शिकवली मला. आणि हैबतराव पिसाळ कसला, साबळे. माझा पणजोबा तो, तुमचा नव्हे."